स्त्री पत्रकार : निषेध अपमानाचा, मौन वेतनाचे

२ नोव्हेंबर २०२२ रोजी मुंबईत, मुख्यमंत्र्यांची भेट घेऊन मंत्रालयातून बाहेर पडणाऱ्या संभाजी भिडे यांना एका वृत्तवाहिनीच्या स्त्री बातमीदाराने प्रश्न विचारला. आधी कपाळाला टिकली लाव, मग बोलेन, असे उत्तर तिला मिळाले. राज्य महिला आयोगाने नोटीस काढली, निषेधाची पत्रके निघाली, पुरोगामी मंडळींनी टीकेची झोड उठवली आणि काही दिवसांत सारे शांत झाले. निषेध योग्यच होता. त्यात उणे काढण्याचे कारण नाही. परंतु त्या साऱ्या गदारोळात एक प्रश्न कोणीही, अगदी श्रमिकांच्या नावाने चळवळ करणाऱ्यांनीही, विचारला नाही. मंत्रालयात वार्तांकनास जाणाऱ्या अशा स्त्रीच्या हाती नेमणुकीचे पत्र कोणत्या स्वरूपाचे असते? ते किती महिन्यांचे असते? तिच्या शेजारी माईक धरून उभ्या असलेल्या पुरुष सहकाऱ्यास तिच्यापेक्षा किती अधिक मिळते, आणि ते तिला ठाऊक तरी असते काय?

अपमान दिसतो, ऐकू येतो, त्याचे चित्रीकरण होते. वेतनातील विषमतेचे चित्रीकरण होत नाही. ती पगारपत्रकात दडलेली असते, आणि वृत्तपत्रसृष्टीत पगारपत्रक हे राजदरबारच्या गुप्त खलित्याप्रमाणे जपले जाते. जगातील यच्चयावत व्यवहारांवर प्रकाश टाकण्याचा वसा घेतल्याचे सांगणाऱ्या ह्या धंद्याने स्वतःच्या घरात मात्र काळोख राखला आहे. स्त्री पत्रकारांच्या दुरवस्थेचे मूळ पुरुषांच्या मनोवृत्तीत आहे, असे वारंवार सांगितले जाते. मनोवृत्ती आहेच. ती चौकात उभ्या असलेल्या टवाळखोरापाशीही असते. परंतु टवाळखोराला कोणाची बढती रोखता येत नाही. मनोवृत्तीला हुकमत येते ती नेमणूक, बदली, बढती आणि वेतन ह्यांवर ज्याचा निरंकुश ताबा असतो त्याच्या हाती. तो ताबा कोणाला व कसा मिळाला, हे पाहिल्यावाचून ह्या प्रश्नाचा उलगडा होणार नाही.

मराठी स्त्रीला लेखणी पेलत नव्हती म्हणून ती वृत्तपत्रांत उशिरा आली, असे कोणी म्हणू लागल्यास त्यास तानूबाई बिर्जे ह्यांचे नाव सांगावे. सत्यशोधक चळवळीचे मुखपत्र असलेल्या ‘दीनबंधु’चे संपादक वासुदेवराव बिर्जे ह्यांचे १९०८ साली निधन झाले, आणि त्यांच्या ह्या विधवा पत्नीने १९१२ पर्यंत त्या पत्राच्या संपादनाची धुरा वाहिली. ह्या गोष्टीला शतक उलटून गेले. आज मराठीतील मोठ्या दैनिकांच्या मुख्य संपादकपदी आजवर बसलेल्या स्त्रिया मोजावयास एका हाताची बोटे पुरतात. देशातील पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून ज्यांचा गौरव होतो, ज्यांना २०११ साली पद्मविभूषण देण्यात आले, त्या होमाई व्यारावाला ह्यांची आरंभीची छायाचित्रे त्यांच्या पतीच्या नावाने छापली जात असत. श्रम स्त्रीचे आणि नाव पुरुषाचे हा व्यवहार घराघरांतून पूर्वापार चालत आला होता. वृत्तपत्राने तो छापून काढला, इतकेच.

स्त्रिया मोठ्या संख्येने बातमीदारीत व संपादकीय विभागात आल्या त्या १९८० नंतर. ही वेळ ध्यानात घेतली पाहिजे. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकाराला प्रथमच कामगाराचे हक्क दिले : चार आठवड्यांत १४४ तासांहून अधिक काम नाही, सूचनेवाचून बडतर्फी नाही, आणि वेतन ठरविण्यास सरकारने नेमलेले वेतन मंडळ. १९८० चा पालेकर निवाडा, १९८९ चा बछावत निवाडा ही त्या कायद्याची फळे होत. त्यांत दोष पुष्कळ होते. मंडळे विलंबाने नेमली जात, मालक न्यायालयात धाव घेत, लहान पत्रे पळवाटा शोधीत. तरीही त्या पद्धतीत एक गुण असा होता की, वेतन पदाला जोडलेले असे. वृत्तपत्राची वार्षिक उलाढाल पाहून त्याचा वर्ग ठरे, वर्गावरून व पदावरून श्रेणी ठरे. उपसंपादकाच्या खुर्चीवर पुरुष बसला काय किंवा स्त्री बसली काय, श्रेणी तीच. आणि ती छापील असल्यामुळे सर्वांना ठाऊक असे.

ज्या दशकात स्त्रिया ह्या घराच्या उंबरठ्याशी पोहोचल्या, नेमक्या त्याच दशकात मालकांनी घराच्या भिंती उतरविण्यास आरंभ केला. कंत्राटी नेमणुका आल्या. सुरुवातीस त्या मोठ्या पगाराचे आमिष दाखवून आल्या आणि ज्येष्ठ पत्रकारांनीही त्या आनंदाने पत्करल्या. श्रेणीहून दुप्पट पैसे मिळत असताना संघटनेची वर्गणी भरण्याची आठवण कोणास राहणार? पुढे जुने लोक निवृत्त झाले, संघटना पोकळ झाल्या, आणि मग नव्याने येणाऱ्यांना श्रेणीच्या निम्म्यात कंत्राट देणे मालकांस सोपे गेले. ह्या नव्याने येणाऱ्यांत स्त्रियांचे प्रमाण पूर्वीच्या कोणत्याही काळाहून अधिक होते. म्हणजे पुरुषांच्या एका पिढीने कायम नोकरीचे संरक्षण विकून त्याची किंमत वसूल केली, आणि स्त्रियांच्या पहिल्या मोठ्या पिढीच्या वाट्यास ते संरक्षण कधी आलेच नाही. ‘आता स्त्रिया सर्वत्र दिसतात’ असे म्हणणाऱ्यांनी हा इतिहास पडताळून पाहावा.

मजिठिया मंडळाच्या शिफारशी ११ नोव्हेंबर २०११ रोजी अधिसूचित झाल्या. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी २०१४ रोजी त्या उचलून धरल्या. तेवढ्यात कलम २० (जे) चा आधार घेऊन, जुनेच वेतन मान्य असल्याच्या कागदावर कर्मचाऱ्यांच्या सह्या घेण्याचा सपाटा लागला. अखेर १९ जून २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयास पुन्हा सांगावे लागले की, कंत्राटी पत्रकारही ह्या निवाड्याच्या कक्षेत येतात आणि निवाड्यातील किमान वेतनावर कोणास सही करून पाणी सोडता येत नाही. निकाल लागला. पण थकबाकी मागणाऱ्याच्या नावे दूरच्या आवृत्तीत बदलीचा हुकूम निघाला की कायदा काय करणार? बदली हे शस्त्र पुरुषावर चालते तेव्हा जखम होते. घरी लहान मूल व अंथरुणास खिळलेली सासू असलेल्या स्त्रीवर ते चालले तर तो राजीनामाच होय. मालकाला तिला काढावे लागत नाही. ती आपण होऊन जाते, आणि मग ‘मुली टिकत नाहीत’ असा शेरा मारावयास वृत्तसंपादक मोकळा.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता अमलात आल्या आणि १९५५ चा कायदा त्यांत विलीन झाला. श्रमिक पत्रकाराच्या व्याख्येत वृत्तवाहिन्या व डिजिटल माध्यमांतील पत्रकारांचा समावेश झाला, ही स्वागतार्ह गोष्ट नाकारू नये. परंतु पत्रकारांसाठी स्वतंत्र वेतन मंडळ नेमण्याची जुन्या कायद्यातील तरतूद मात्र आता उरलेली नाही. व्याख्या रुंदावली आणि तिच्यातून मिळणारे नाहीसे झाले. पंगत वाढवावी आणि वाढप बंद करावे, त्यातला हा प्रकार. लिंगभेदावरून वेतनात फरक करण्यास वेतन संहितेने बंदी केली आहे. १९७६ च्या समान वेतन कायद्यानेही केलीच होती. पण समान काम कोणते हे ठरविण्यासाठी पद, श्रेणी आणि दुसऱ्याचे वेतन माहीत असावे लागते. श्रेणी नष्ट करून समान वेतनाचे कलम राखणे म्हणजे तागडी मोडून टाकून वजनमापाचा कायदा भिंतीवर टांगणे होय.

वेतन उघड झाले म्हणजे काय होते, ह्याचे उदाहरण ब्रिटनने घालून दिले आहे. २०१७ पासून लागू झालेल्या नव्या सनदेमुळे बी.बी.सी.ला दीड लाख पौंडांहून अधिक मानधन घेणाऱ्यांची नावे प्रसिद्ध करणे भाग पडले. जुलै २०१७ मध्ये यादी आली. तीत दोन तृतीयांश पुरुष होते आणि सर्वाधिक मानधन घेणारे पहिले सातही पुरुष होते. चीनमधील संपादक कॅरी ग्रेसी ह्यांना यादी वाचूनच कळले की, आपल्या तोडीचे काम अमेरिकेत करणाऱ्या पुरुष संपादकास दोन लाख पौंडांवर मिळते. त्यांना स्वतःला १ लाख ३५ हजार मिळत होते. समान वेतनाच्या आश्वासनावरच त्यांनी ते पद स्वीकारले होते! पगारवाढ देऊ केली असता ती नाकारून, वाढ नको, समानता हवी, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि जानेवारी २०१८ मध्ये ते पद सोडले. त्या वर्षाच्या जूनमध्ये संस्थेने क्षमा मागितली. पुढे जानेवारी २०२० मध्ये समीरा अहमद ह्यांनी न्यायाधिकरणापुढे असाच दावा जिंकला. त्यांना एका कार्यक्रमाच्या प्रत्येक भागास ४४० पौंड मिळत आणि तशाच स्वरूपाच्या कार्यक्रमासाठी एका पुरुष निवेदकास ३,००० पौंड. एक आणि सात हे प्रमाण कोणत्या गुणवत्तेच्या फूटपट्टीने मोजले, ह्याचे उत्तर संस्थेला देता आले नाही. ह्या स्त्रिया सुशिक्षित, नामांकित, हक्कांविषयी जागरूक होत्या. तरीही यादी छापली जाईपर्यंत तुलनेचे साधन त्यांच्या हाती नव्हते.

भारतात काय स्थिती आहे? बाजारमूल्याने पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना सेबीच्या नियमानुसार वार्षिक अहवालात पुरुष व स्त्री कर्मचाऱ्यांचे मध्यक वेतन द्यावे लागते. मराठी वृत्तपत्रांच्या बहुतेक कंपन्या शेअर बाजारात नोंदलेल्याच नाहीत. ज्या आहेत त्यांचा आकडा साऱ्या कंपनीचा मिळून असतो; त्यावरून वृत्तविभागातील मुख्य उपसंपादक स्त्रीला व तशाच पुरुषाला काय मिळते हे समजत नाही. शिवाय हा नियम आहे तो गुंतवणूकदारासाठी. शंभर शेअर घेऊन घरी बसलेल्या भागधारकास जेवढे कळण्याचा अधिकार आहे तेवढाही रात्री दोन वाजेपर्यंत पान लावणाऱ्या उपसंपादिकेस नाही.

वेतनाइतकीच महत्त्वाची आहे ती कामाची वाटणी. बातमीदाराचे भांडवल म्हणजे त्याच्या ओळखी. मंत्रालय, पोलीस आयुक्तालय, महापालिका, बाजारपेठ ह्या क्षेत्रांत दहा वर्षे काढलेल्या माणसाजवळ हे भांडवल साठते आणि त्याच्या जोरावर तो वृत्तसंपादक, निवासी संपादक होतो. स्त्रीला आरंभापासून पुरवणी, शाळा-महाविद्यालये, आरोग्य, नाटक-सिनेमा इकडे वळविले जाते. दहा वर्षांनी बढतीची वेळ आली की, तिला राजकारणाचा अनुभव नाही, असे कारण पुढे येते. अनुभव न देणारे आणि अनुभव मागणारे एकच गृहस्थ असतात. (येथे जाता जाता हेही म्हटले पाहिजे की, शिक्षण आणि आरोग्य ही ‘मऊ’ क्षेत्रे व एखाद्या आमदाराची नाराजी हे ‘कठीण’ क्षेत्र, ही प्रतवारीच मुळात समाजवाद्याने अमान्य केली पाहिजे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नसल्याची बातमी कोणत्या अर्थाने मऊ आहे?) वृत्तवाहिन्यांवर स्त्रिया पडद्यावर ठळकपणे दिसतात, ह्याचा मोठा गवगवा होतो. पडद्यावर कोण दिसावे हे ठरविणारा पडद्यामागे असतो. इंटरनॅशनल विमेन्स मीडिया फाउंडेशनने २०११ साली सुमारे ६० देशांतील पाचशेहून अधिक माध्यमसंस्थांची पाहणी केली, तेव्हा बातमीदारांत स्त्रिया ३६ टक्के व सर्वोच्च व्यवस्थापनात २७ टक्के आढळल्या.

हे झाले शहरांतले. तालुक्याची गोष्ट निराळी आहे, आणि पक्षाचे बहुसंख्य कार्यकर्ते ज्या वार्ताहराला रोज भेटतात तो तालुक्याचाच असतो. त्याला पगार नसतो. मिळालेच तर पेट्रोलला न पुरणारे मानधन असते. त्याचे खरे उत्पन्न जाहिरातींवरील दलाली हे असते. साखर कारखान्याच्या अध्यक्षांचा वाढदिवस, बाजार समितीच्या सभापतींची निवड, दिवाळी, गणेशोत्सव, नेत्यांचा दौरा ह्या प्रत्येक निमित्ताने पुरवणी निघते आणि तिचे पैसे गोळा करण्याचे काम वार्ताहराच्या गळ्यात पडते. ठेकेदार, बांधकाम व्यावसायिक, पतसंस्थेचे संचालक ह्यांच्याकडे चकरा माराव्या लागतात. हे व्यवहार कचेरीत होत नाहीत; ते ढाब्यावर, फार्महाउसवर, रात्री उशिरा, गटाच्या बैठकीत होतात. तेथे स्त्री गेली तर तिची बदनामी, न गेली तर तिची पुरवणी रिकामी. म्हणून तालुका प्रतिनिधी स्त्री सहसा आढळत नाही. कोणत्याही मालकाने स्त्रियांना मज्जाव केल्याचा कागद दाखविता येणार नाही. मज्जाव त्या उत्पन्नाच्या पद्धतीतच आहे. वार्ताहराला वेतन न देता जाहिरातीच्या दलालीवर सोडण्याची ही प्रथा एकाच वेळी बातमीला भ्रष्ट करते आणि स्त्रीला बाहेर ठेवते, हे ज्यांना उमगले नाही त्यांनी ग्रामीण पत्रकारितेवरील व्याख्याने काही काळ स्थगित ठेवावीत.

वेतनाची निराळी वाट धरली तर काय घडू शकते हे उत्तर प्रदेशातील चित्रकूट जिल्ह्यात दिसले. ‘खबर लहरिया’ हे बुंदेली भाषेतील पत्र २००२ साली कर्वी येथे सुरू झाले. ते चालविणाऱ्या स्त्रिया प्रामुख्याने दलित. कित्येकींचे शिक्षण अपुरे राहिलेले. त्यांनी गावोगाव हिंडून रेशन, खाणी, पोलीस, पाणी ह्यांच्या बातम्या आणल्या. त्यांची धडाडी वादातीत आहे. पण धडाडीबरोबर आणखी एक गोष्ट होती : त्यांना कोणाच्या वाढदिवसाची जाहिरात आणावी लागत नव्हती. अशा स्त्रियांना मुख्य प्रवाहातील वृत्तसंस्थांत स्थान किती, हे ऑक्सफॅम इंडिया व न्यूजलाँड्री ह्यांच्या २०१९ च्या पाहणीने दाखविले. तीत तपासलेल्या वृत्तसंस्थांतील १२१ नेतृत्वपदांपैकी १०६ पदे उच्चवर्णीयांकडे होती. दलित वा आदिवासी एकही नव्हता. स्त्रीचा प्रश्न मांडताना ही बाजू विसरणे म्हणजे माडीवरच्या एका खोलीसाठी भांडणे होय.

मातृत्वाच्या रजेचे पाहा. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. सुधारणा उत्तम, परंतु तिचा संपूर्ण खर्च एकट्या मालकावर टाकला गेला. अर्थशास्त्राचा प्राथमिक विद्यार्थीही सांगेल की, ज्या खर्चाचा भार केवळ स्त्रीला नेमल्याने पडतो तो टाळण्याचा सोपा उपाय स्त्रीला न नेमणे किंवा तिला रजेचा हक्क लागणार नाही अशा रीतीने नेमणे हा आहे. मुलाखतीत लग्नाचा विचार पुसला जातो तो ह्याच हिशेबाने. हा भार सामाजिक विम्याने, म्हणजे सर्व मालकांच्या वर्गणीतून व सरकारी तिजोरीतून, उचलला पाहिजे. पुरुष नेमणाऱ्यालाही ती वर्गणी द्यावी लागली की हिशेब बदलतो.

सुरक्षिततेची सबब तर सदैव तयार असते. २२ ऑगस्ट २०१३ रोजी मुंबईत शक्ती मिलच्या ओसाड आवारात कामावर असलेल्या तरुण छायाचित्रकार स्त्रीवर सामूहिक बलात्कार झाला. वेळ रात्रपाळीची नव्हती, सायंकाळची होती. सोबत पुरुष सहकारी होता. तरीही अशा प्रत्येक घटनेनंतर निघणारा निष्कर्ष एकच : मुलींना बाहेर पाठवू नये. गिरणीची जमीन वर्षानुवर्षे बेवारशी का पडली, तेथे दिवे का नव्हते, हे प्रश्न मागे पडतात आणि शिक्षा होते ती पुढच्या मुलीच्या कामाला. नव्या संहितेनुसार सायंकाळी सातनंतर व सकाळी सहापूर्वी स्त्रीला तिच्या संमतीने, सुरक्षिततेच्या अटींवर, काम देता येते. अकरा महिन्यांच्या कंत्राटावरील स्त्रीची संमती ही कितपत संमती असते? ‘नाही’ म्हणण्याची किंमत नोकरी असेल तर ‘हो’ ह्या शब्दाला अर्थ उरत नाही.

लैंगिक छळाच्या तक्रारींतही तेच सूत्र आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये अनेक स्त्री पत्रकारांनी माजी संपादक व तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री एम. जे. अकबर ह्यांच्यावर आरोप केले. अकबर ह्यांनी ते नाकारले, मंत्रिपद सोडले आणि प्रिया रमाणी ह्यांच्यावर अब्रुनुकसानीची फौजदारी केली. १७ फेब्रुवारी २०२१ रोजी दिल्लीच्या न्यायालयाने रमाणी ह्यांना निर्दोष ठरविले. त्याविरुद्धचे अपील दिल्ली उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सुनावणीस घेतले. रमाणी ह्यांचा आरोप १९९३ मधील एका नोकरीच्या मुलाखतीविषयी होता. पंचवीस वर्षे त्या गप्प का राहिल्या, असे कुत्सितपणे विचारले गेले. नोकरी देणारा, बढती देणारा आणि दुसरीकडे शिफारस करणारा एकच माणूस असेल तर तेवीस वर्षांच्या मुलीने कोणाकडे जावयाचे होते? २०१३ चा कायदा कंत्राटी, तात्पुरत्या, बिनपगारी उमेदवार स्त्रीलाही लागू आहे आणि कामानिमित्त ती जेथे जाईल ती जागा त्यात कामाची जागा मानली आहे. तालुक्यातील एखादी वार्ताहर स्त्री जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे दाद मागू शकते. ही समिती आपल्या जिल्ह्यात कोठे बसते हे किती कार्यकर्ते सांगू शकतील?

आता घरचा आहेर. प्रश्न वर्गाचा आहे, स्त्रियांचा वेगळा प्रश्न काढल्याने श्रमिकांत फूट पडते, हे पालुपद डाव्या संघटनांतून अद्याप गेलेले नाही. मिलिसेंट फॉसेट ह्यांनी १९१८ साली ‘इकॉनॉमिक जर्नल’मध्ये समान वेतनावर लिहिताना दाखवून दिले होते की, स्त्रियांना थोड्याच धंद्यांत कोंडले गेल्याने तेथील वेतन पडते, आणि ह्या कोंडण्यात मालकांबरोबर कामगार संघटनांच्या नियमांचाही हात असतो. फॉसेट समाजवादी नव्हत्या. पण निदान अचूक होते. (ग्रेसी ह्यांनी मिळालेली थकबाकी दिली ती फॉसेट ह्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेला.) पुरवणीच्या विभागात कोंडलेल्या स्त्रियांमुळे त्या विभागाचे वेतन पडले, आणि मग मालकाने तोच दर मुख्य विभागातील पुरुषांच्या तोंडावर फेकला. फूट कोणी पाडली? पत्रकारांच्या संघटनांत पदाधिकारी म्हणून स्त्रिया किती, मागण्यांच्या यादीत रात्रीच्या वाहनाची व पाळणाघराची मागणी कितव्या क्रमांकावर येते, हे पाहिले म्हणजे पुरे. आणि चळवळीची साप्ताहिके तरी कोठे निराळी आहेत? ८ मार्चच्या अंकासाठी स्त्रियांकडून लेख मागविले जातात; अंदाजपत्रकावर, शेतमालाच्या भावावर, परराष्ट्र धोरणावर लिहावयाचे झाले की संपादकांच्या वहीतील सारे दूरध्वनी क्रमांक पुरुषांचे निघतात.

ह्याचा परिणाम वाचकालाही भोगावा लागतो. जगभरच्या बातम्यांत ज्यांच्याविषयी वा ज्यांच्या तोंडून काही सांगितले जाते अशा व्यक्तींत स्त्रिया किती, ह्याची मोजणी ‘ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट’ दर पाच वर्षांनी करतो. १९९५ साली हे प्रमाण १७ टक्के होते, २०१० मध्ये २४, २०१५ मध्ये २४, २०२० मध्ये २५. दहा वर्षांत एक टक्का! ज्या काळात पडद्यावरील स्त्रियांची संख्या डोळ्यांत भरण्याजोगी वाढली त्याच काळातील हे आकडे आहेत. कांद्याचा भाव पडला तर शेतकऱ्याला विचारतात. त्याच शेतात खुरपणी करणाऱ्या बाईला विचारीत नाहीत.

करावयाचे काय? बी.बी.सी.ला सार्वजनिक पैशाच्या बळावर हिशेब उघडण्यास भाग पाडले गेले. महाराष्ट्रातील वृत्तपत्रांनाही सार्वजनिक पैसा मिळतो. तो सरकारी जाहिरातींच्या रूपाने मिळतो. माहिती व जनसंपर्क महासंचालनालयाच्या यादीवर राहू इच्छिणाऱ्या प्रत्येक पत्राने व वाहिनीने दरवर्षी वृत्तविभागातील पदनिहाय पुरुष-स्त्रियांची संख्या, कायम व कंत्राटी नेमणुका, प्रत्येक पदाचे किमान व कमाल वेतन आणि तालुका वार्ताहरांचे मानधन जाहीर केले पाहिजे, अशी अट घालण्याची मागणी विधिमंडळात व बाहेर झाली पाहिजे. वृत्तस्वातंत्र्यावर हा घाला आहे अशी ओरड होईल. अग्रलेखात काय लिहावे हे ह्या अटीत कोठेही नाही. लिहिणारीला काय द्यावे एवढेच त्यात विचारले आहे. ही मागणी करणाऱ्या पक्षाने आपल्या साप्ताहिकाचे वेतनपत्रक प्रथम छापावे. चार-पाच माणसांचे ते असेल. अर्ध्या स्तंभात मावेल.